बाबांचे ९ दिवस, हातातला पट्टा आणि औषधाच्या वेळचा तो बीप (कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यातल्या हॉस्पिटलचा अनुभव)

पहिलंच सांगते, रूम कशी आहे, कॅंटीन कसं आहे, पार्किंग मिळतं का ह्यासाठी हे वाचत असाल तर फार काही हाती लागणार नाही. मी फक्त एका गोष्टीवर लिहितेय, ती म्हणजे पेशंटला औषध कसं देतात. कारण औषधाच्या चुकीमुळे आमच्या घरातला माणूस एकदा जाता जाता राहिलाय, आणि ते ज्याने बघितलंय त्याला बाकी काही दिसत नाही हो. नाव कुठल्याच हॉस्पिटलचं देत नाही, खाली एका आधीच्या ठिकाणचा वाईट प्रकारही लिहिलाय म्हणून. हे आताचं हॉस्पिटल खाजगी आहे, साठेक बेडचं आहे, एवढं पुरे.

आधी तो जुना प्रकार. दोन वर्षांपूर्वी बाबा शुगरसाठी दुसऱ्या एका ठिकाणी ऍडमिट होते, डिस्चार्जच्या वेळी इन्सुलिन बदललं. आपल्याकडे बाटलीतलं साधं इन्सुलिन येतं ते बहुतेक एका मिलीत ४० युनिटचं, आणि त्याची सिरींज लाल टोपीची. नवीन दिलेलं होतं १०० युनिटचं, त्याला नारिंगी टोपीची सिरींज लागते. हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. कागदावर नुसता आकडा होता १२, काउंटरवर सिरींज मिळाली लाल टोपीची, घरी आईने नेहमीसारखं १२ च्या रेषेपर्यंत भरून दिलं. आता हिशोब करा, लाल टोपीच्या सिरींजवरची १२ ची रेष म्हणजे ०.३ मिली, आणि १०० वाल्या औषधाचं ०.३ मिली म्हणजे सरळ ३० युनिट. अडीच पट! पहाटे तीनला बाबा घामाने भिजलेले, जीभ जड, मला ओळखेनात, मशीनवर शुगर ३८. घोट गिळत होते म्हणून साखरपाणी पाजता आलं आणि शेजारच्या काकांची रिक्षा दारात होती म्हणून वाचले. आई आजही म्हणते माझ्या हातून झालं. आईच्या हातून काही झालं नव्हतं, चार हातांतून सुटलेली गोष्ट शेवटी तिच्या हातात आली होती. तिला हे पटवायला मला दोन वर्षं लागली आणि अजून पूर्ण पटलेलं नाही.

तर ह्या जुलैत लावणीच्या दिवसांत बाबांना ताप आला. वय ७१, कोणाचं ऐकत नाहीत, चिखलात उभे राहणारच. अंगदुखी, डोळे लाल, आपल्याकडे असं काही झालं की सगळ्यात आधी लेप्टोच डोक्यात येतो, म्हणजे चिखलपाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप. शुगर आहेच, वर हृदयात कृत्रिम झडप बसवलेली, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची ऍसिनोकूमारॉलची गोळी रोज चालू. म्हणजे औषधांच्या बाबतीत जितका अवघड पेशंट असू शकतो तितका.

ऍडमिट करून तासाभरात एक मुलगी आली, मला वाटलं बिलिंगवाली असेल. म्हणाली मी फार्मसिस्ट आहे, घरी काका जे जे घेतात ते सगळं मला बघायचंय, यादी नको, वस्तू आणा. भाऊ घरी जाऊन बाबांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आला, तिने तो टेबलावर उपडा केला आणि पाऊण तास बसली. डब्यात काय नव्हतं! सावंतवाडीच्या डॉक्टरांची बीपीची गोळी होती, आणि डोंबिवलीच्या दादाने गणपतीला आला तेव्हा तिथल्या डॉक्टरांना दाखवून आणलेली बीपीची गोळी होती, नावं वेगळी, रंग वेगळा, आत दोन्हीकडे तेच ऍम्लोडिपिन. म्हणजे बाबा जवळजवळ वर्षभर डबल डोस घेत होते आणि पायाला सूज येते म्हणून आम्ही मिठावर लक्ष ठेवत होतो. शिवाय गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली दुखण्याची गोळी, जी रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर अजिबात चालत नाही, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. आणि एक काढ्याची बाटली, ती पण तिने लिहून घेतली, हसली नाही की नाक मुरडलं नाही, कोण देतं, किती चमचे, कधीपासून एवढंच विचारलं. मला हे फार आवडलं. आपल्या माणसांनी डॉक्टरपासून काढा लपवायचं कारणच ते असतं की ओरडतील.

हे सगळं ऍडमिट होताना एकदा, वॉर्ड बदलताना एकदा आणि डिस्चार्जला एकदा असं तीनदा जुळवतात. चुका इथेच होतात म्हणे, पेशंट एका हातातून दुसऱ्या हातात जातो तेव्हा. आमच्या इन्सुलिनचं तेच झालं होतं ना.

आता पट्टा. हातात प्लास्टिकचा पट्टा, त्यावर नाव, रजिस्ट्रेशन नंबर आणि बारकोड. औषधाची ट्रॉली आली की सिस्टर आधी तोंडाने नाव विचारणार, मग पट्टा स्कॅन, मग गोळीच्या छोट्या पाकिटावरचा बारकोड स्कॅन, जुळलं की टॅबवर हिरवं येतं, नाही जुळलं की लाल आणि मोठा बीप. गोळ्या स्ट्रिप कापून देत नाहीत, फार्मसीत एकेक गोळी वेगळ्या पाकिटात घालून त्यावर नाव, पॉवर, एक्सपायरी छापतात. मेडिकलमध्ये स्ट्रिप कापली की एक्सपायरी नेमकी दुसऱ्याच्या तुकड्यावर जाते हे आपल्याला माहीतच आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून देशातल्या ३०० मोठ्या ब्रॅंडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झालाय, तो मोबाईलने स्कॅन केला की औषधाचं मूळ नाव, बॅच, एक्सपायरी सगळं दिसतं, हेही मला त्या फार्मसिस्ट मुलीनेच तिच्या फोनवर दाखवलं.

बाबांना पहिले दोन दिवस ह्याचा वैताग आला. दर वेळी नाव विचारलं की म्हणायचे, "मगाशी सांगलंय मां तुका, परत कित्याक इचारतंस?" सिस्टर गोव्याकडची होती, ती पण शांतपणे म्हणायची, काका परत सांगा.

आणि हे विचारणं किती कामाचं ते तिसऱ्या दिवशी कळलं. वॉर्डात आमचे बाबा धरून दोन परब होते. पहिलं नावही एकच. आणि पुढचं ऐका, दोघांची जन्मतारीखही १ जून! आपल्याकडे त्या पिढीत मास्तरांनी शाळेत घालताना निम्म्या गावाला १ जून लावून टाकलीय, त्यामुळे नाव आणि जन्मतारीख विचारून खात्री करा हा जो जगभरचा नियम आहे तो आपल्या सिंधुदुर्गात अर्धवटच चालतो. ह्या हॉस्पिटलने ते ओळखून जन्मतारखेऐवजी रजिस्ट्रेशन नंबर आणि गाव-वाडी असं धरलंय, ह्याचं मला खरंच कौतुक वाटलं, सिस्टिम बाहेरची घेतली तरी माणसं इथलीच आहेत हे त्यांना कळलंय. त्या दिवशी सकाळी दुसऱ्या परबांचं पाकीट ट्रॉलीतल्या आमच्या खणात आलं होतं. सिस्टरने स्कॅन केलं, लाल, बीप. ती थांबली. परत स्कॅन करून बघू, मशीनला कधीकधी होतं असं, हे ती म्हणाली नाही. पाकीट बाजूला ठेवलं, इनचार्ज सिस्टरला हाक मारली, दोघींनी मिळून दोन्ही खण तपासले आणि मग बाबांना आणि मला स्वतःहून सांगितलं की असं असं झालं होतं, गोळी दिली गेलेली नाही, चुकून आलेली गोळी अमुक होती. आणि तिथेच उभ्या उभ्या एक फॉर्म भरला.

मी विचारलं तुम्हाला ह्याचा मेमो मिळणार का? इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, नाही, हा फॉर्म चूक होता होता वाचली त्याचा, जितके जास्त फॉर्म येतील तितकं आम्हाला बरं, कुठे भोक आहे ते कळतं. फॉर्म भरला म्हणून कोणाला ओरडायला लागलो तर पुढच्या महिन्यापासून एकही येणार नाही, आणि चुका काही कमी होणार नाहीत, दिसायच्या बंद होतील. दुसऱ्या दिवशी सकाळच्या हॅंडओव्हरला पाच मिनिटं सगळ्यांनी उभं राहून तेच बोललं, डॉक्टर, सिस्टर, फार्मसिस्ट, ट्रॉली आणणारे मामासुद्धा, आणि सुचवलं ते त्या मामांनीच, की एकाच नावाचे पेशंट असतील तर खणांवर रंगीत चिकटपट्टी लावूया. दुपारी बघितलं तर पट्टी लागलेली, आमची पिवळी.

बाबा मग गप्प झाले. त्या रात्री सिस्टर आली तर स्वतःच हात पुढे केला, "इचार गे बाय, इचार. नाव काय माझा झिजणा नाय."

ही बारकोडची कल्पना एका नर्सचीच आहे हे मला घरी आल्यावर वाचताना कळलं. अमेरिकेत कॅन्सस राज्यात टोपीका नावाच्या गावी निवृत्त सैनिकांचं हॉस्पिटल आहे, तिथल्या सू किनिक नावाच्या नर्सने १९९० च्या दशकात भाड्याची गाडी परत करताना तिथल्या माणसाला गाडीचा बारकोड स्कॅन करताना बघितलं आणि तिच्या डोक्यात आलं की गाडीचं जमतं तर औषधाचं का नाही. पुढे ते त्यांच्या देशभरच्या सगळ्या हॉस्पिटलांत गेलं. आणि नुसतं वाटतं म्हणून नाही, बोस्टनच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मोजून बघितलं, २०१० साली छापून आलं, वेळ चुकण्याच्या चुका सोडून औषध देतानाच्या बाकीच्या चुका ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या. लक्षात घ्या, शून्य झाल्या नाहीत. मशीन लावलं की झालं असं कोणी सांगत असेल तर त्यांना हा आकडा सांगा.

चौथ्या रात्रीचा प्रकार ह्यापेक्षा मोठा होता. बाबांना जुलाब सुरू झाले, अँटिबायोटिक चालू होतीच, ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी मेट्रोनिडॅझोल लिहिलं. आपल्याकडे जुलाब म्हटलं की ही गोळी कोणीही देतं. पण ऑर्डर कॉम्प्युटरवर टाकतात, आणि बाबांच्या यादीत रक्त पातळ करणारी गोळी होती, ह्या दोन्ही एकत्र आल्या की रक्त नको तितकं पातळ होतं. लाल चौकट आली. फार्मसीने औषध सोडलंच नाही, उलट फोन करून सकाळचा आयएनआर विचारला, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीचा आकडा, जितका जास्त तितकं रक्त पातळ. तो होता ४.३, बाबांना डॉक्टरांनी अडीच ते साडेतीनमध्ये ठेवायला सांगितलेला. म्हणजे तापात नीट न जेवल्यामुळे आणि आधीच्या अँटिबायोटिकमुळे तो आधीच वर गेला होता, त्यात ही गोळी पडली असती तर काय झालं असतं विचारच करवत नाही. डॉक्टर परत वर आले, आम्हाला सरळ सांगितलं की मी एक गोळी लिहिली होती, फार्मसिस्टने थांबवली, तिचं बरोबर आहे. गोळी रद्द, ओआरएस चालू, त्या रात्रीची रक्त पातळ करायची गोळी पण थांबवली आणि सकाळी परत तपासणी.

पंचवीस-सव्वीस वर्षांचा डॉक्टर, पेशंटच्या नातेवाईकांसमोर "तिचं बरोबर आहे" म्हणतो. माझ्या मते अख्ख्या हॉस्पिटलातली सगळ्यात महाग वस्तू ही आहे, स्कॅनर नाही.

त्याच डॉक्टरांनी नंतर सांगितलं की सुरुवातीला हा कॉम्प्युटर प्रत्येक गोष्टीला वॉर्निंग द्यायचा, क्रोसिनलाही, मग सगळे न वाचता ओके दाबायला लागले. मग फार्मसी आणि डॉक्टरांनी बसून त्यातली कमी महत्त्वाची बंद केली, लाल फक्त जीवावरचं ठेवलं. सारख्या नावांचंही त्यांनी केलंय, मेटफॉर्मिन आणि मेट्रोनिडॅझोल एका फळीवर ठेवत नाहीत आणि लेबलवर वेगळी असलेली अक्षरं मोठी छापतात. हे नावांचं प्रकरण आपल्या देशात सुप्रीम कोर्टापर्यंत गेलंय, २००१ साली फाल्सिगो आणि फाल्सिटॅब ह्या मेंदूच्या मलेरियावरच्या दोन औषधांवरून, आणि कोर्टाने म्हटलं की नावांचा सारखेपणा बाकी वस्तूंपेक्षा औषधांच्या बाबतीत जास्त कडक नजरेने बघायला हवा, कारण इथे गोंधळ झाला तर माणसाच्या जीवावर येतं.

इन्सुलिनबद्दल तर मी पहिल्याच दिवशी भांडायच्या तयारीने गेले होते. गरज पडली नाही. दोन सिस्टर येतात, एक भरते, दुसरी बाटलीवरची पॉवर आणि सिरींजच्या टोपीचा रंग मोठ्याने वाचते, मग टोचतात. कागदावर युनिट हा शब्द पूर्ण लिहितात, नुसता इंग्रजी यू नाही, कारण घाईत तो शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात. आणि मोठे डॉक्टर फोनवर डोस सांगतात तेव्हा सिस्टर लिहून परत वाचून दाखवते, नुसतं "फिफ्टीन" नाही, "फिफ्टीन, वन फाइव्ह", कारण फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखंच ऐकू येतं, त्यात आपल्याकडचं पावसाळ्यातलं नेटवर्क. हे ऐकताना माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं खरं सांगते, दोन वर्षांपूर्वी कोणी एकाने तरी आईसमोर असं मोठ्याने वाचलं असतं तर.

सहाव्या रात्री वादळ झालं, लाईट गेली, जनरेटर लागला पण नेट आणि त्यांचा सर्व्हर बंद, स्कॅनर मुके. मी मनात म्हटलं आता संपलं. पण त्यांच्याकडे प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला सगळ्या पेशंटांचा औषधांचा कागद छापून ठेवलेला असतो. टॉर्च घेऊन दोघी दोघी निघाल्या, एक वाचणार, दुसरी पट्ट्यावरचा नंबर आणि पाकीट बघून मोठ्याने उत्तर देणार. भजनात एकाने ओळ म्हणायची आणि मागच्यांनी उचलायची तसं, अख्ख्या वॉर्डभर, पावसाच्या आवाजात. नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला असेल पण एकही पायरी गाळली नाही. दुसऱ्या दिवशी नेट आल्यावर सगळं बसून कॉम्प्युटरवर चढवलं. ज्यांना रोज बीपची सवय आहे त्यांना बीप नसतानाही काय करायचं ते पाठ होतं, हे मी स्वतः बघितलं.

आता जे आवडलं नाही ते पण लिहायलाच हवं.

रात्रीच्या शिफ्टला एका सिस्टरकडे १४ पेशंट, हे जास्त आहेत. त्यामुळे काय होतं तर पळवाटा निघतात. सातव्या रात्री एका वेगळ्या सिस्टरने बाबा झोपलेत म्हणून हातातला पट्टा स्कॅन न करता फाईलवर चिकटवलेला जास्तीचा बारकोड स्कॅन केला. टॅब हिरवा झाला. पण टॅबला काय माहीत समोर कोण झोपलंय! मी बोलले, ती कसनुशी झाली, म्हणाली ताई त्यांना उठवायला नको म्हणून. हेतू चांगला होता, मला मान्य आहे, पण मग पट्ट्याचा उपयोग काय. सकाळी इनचार्ज सिस्टरना सांगितलं, त्यांनी त्याच दिवशी सगळ्या फायलींवरचे स्टिकर काढायला लावले आणि त्या मुलीला बाजूला घेऊन शांतपणे बोलल्या. पण माणसं वाढवल्याशिवाय असल्या वाटा परत निघणार, मॅनेजमेंटने हे मनावर घ्या प्लीज. पट्ट्यावरची छपाईही घामाने आणि सॅनिटायझरने पुसते, आमचा दोनदा बदलावा लागला. स्कॅनरची बॅटरी दुपारपर्यंत मान टाकते.

औषधाच्या वेळी सिस्टर लाल ऍप्रन घालतात, त्यावर मराठीत लिहिलंय "औषध देत आहे, कृपया बोलू नका". आणि आपले लोक बरोबर तेव्हाच जाऊन विचारतात, सलाईन कधी संपणार, डॉक्टर कधी येणार. मीही पहिल्या दिवशी विचारलं होतं. नंतर वाचलं की सिडनीच्या हॉस्पिटलांत मोजलंय, नर्सला औषध देताना जितक्या वेळा मध्येच थांबवलं तितक्या चुका वाढत गेल्या. भेटायला येणाऱ्या काकी-मामींना हे दारातच सांगायला कोणीतरी हवं, नुसतं ऍप्रनवर लिहून भागत नाही, आठ-आठ माणसं एकदम येतात आपल्याकडे.

डिस्चार्जला पाच तास लागले, ह्याला काही कारण नाही. आणि पेपर पूर्ण इंग्रजीत! इतकं सगळं केल्यावर शेवटचा कागद आईला वाचता येऊ नये? मी अडून बसले तेव्हा त्या फार्मसिस्ट मुलीने हाताने मराठीत तक्ता करून दिला, सकाळ-दुपार-रात्र, कोणती गोळी जुनी चालू, कोणती बंद, आणि बंद म्हणजे डब्यातून काढून टाकायची असं खाली लाल रेघ मारून. आईकडून परत म्हणवून घेतलं. आईने सिरींजची टोपी दाखवून स्वतः विचारलं, बाटली कितीची, टोपी कुठली. हा मराठी तक्ता सगळ्यांना, न मागता मिळायला हवा.

औषध देण्याच्या पद्धतीला माझ्याकडून ५ पैकी साडेचार, डिस्चार्जला २. बिलात ह्या पट्ट्याचे किंवा फार्मसिस्टचे वेगळे पैसे लावले नव्हते. कोणाला कुठल्याही औषधाचा त्रास झाला, कुठल्याही हॉस्पिटलात, तर सरकारचा टोल फ्री नंबर आहे १८००-१८०-३०२४, आपण पेशंटही तिथे कळवू शकतो, मला हा आधी माहीत असता तर दोन वर्षांपूर्वीच केला असता.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी त्या फार्मसिस्ट मुलीचा फोन आला, आयएनआर केला का म्हणून. केला होता, २.९. आईला फोनवर घ्या म्हणाली. आई पडवीतून आत गेली, फ्रीजमधली बाटली काढली आणि तिला वाचून दाखवली, ४० युनिट, टोपी लाल.